आत्याचं लुगडं

हक्कसोड म्हणजे काय, हे मला वकिलाने नाही, आत्याने शिकवलं. तळवलीची आमची शेतं सरकार घेणार असं ठरलं, तेव्हा बाबा नवं लुगडं घेऊन तिच्याकडे गेले आणि तिला रजिस्ट्रेशनला घेऊन आले.

साहेबांनी विचारलं, "बाई, वडिलांच्या जमिनीतला हिस्सा सोडताय. बदल्यात काय मिळालं?"

"माहेर लिवा," आत्या म्हणाली.

"ते कागदावर येत नाही." त्यांनी 'विनामोबदला' लिहिलं. आत्याने अंगठा दिला.

पुढे सरकारचे पैसे आले. त्या दिवाळीत तिला आणायला कोणीच गेलं नाही, म्हणून भाऊबीजेला ती आपणहून आली. बाबा दारातच म्हणाले, "आता तुजं इथं काय राहिलंय?"

तिने पिशवीतून ते लुगडं काढलं. घडीसुद्धा मोडली नव्हती.

"माजं काय नाय, दादा. तुजंच ह्ये माज्याकडं राहिलं हाय."