रूथमावशींना श्रद्धांजली

तुला सांगतो, आमच्या इथल्या, इंग्लंडमधल्या स्लाऊच्या मराठी चर्चमधल्या मोठ्यांना लाजच नाही. परवा त्यांनी जुन्या भजनगायकांचा गौरव सोहळा ठेवला. सगळ्यांना भजनं शिकवणाऱ्या रूथमावशींना मी बेसिंगस्टोकच्या केअर होममधून घेऊन गेलो. बघतो तर स्टेजवर मावशींच्याच फोटोला हार.

सेक्रेटरीकाकांना गाठलं. "काका, मावशी जिवंत आहेत. त्या काय, समोर बसल्यात."

"अरे, चार वर्षं दिसल्या नाहीत. आम्हाला वाटलं, गेल्या."

"एक फोन करायचात ना."

"युनिव्हर्सिटी अर्धवट सोडणाऱ्याने आम्हाला शिकवू नये. कार्यक्रम छापलाय. बस खाली."

मग सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले. मावशीही उभ्या राहिल्या. नंतर कॉयरने त्यांनीच शिकवलेलं भजन धरलं, तेव्हा मावशी मोठ्याने म्हणाल्या, "सूर लावा नीट. मी मेले म्हणून काहीही गाल का?"