ओडिल नावाची गाडी

ल्योंच्या ट्रामथांब्यावर माझ्यापुढे एक टॅक्सीवाला आणि काळ्या कपड्यांतल्या एक बाई उभ्या होत्या.

"टॅक्सीवाले ना तुम्ही? मग आज ट्रामनं?"

"काय सांगू बाई! आमची ओडिल सकाळपासून रुसलीय. हँडल फिरवून हात मोडला, पण सुरूच होईना. हट्टी कार्टी!"

"लहानपणापासून हट्टीच ती."

"म्हणजे?"

"या गाड्यांचा कारखाना माझ्या नवऱ्यानं काढला. पहिल्या गाडीला चार वर्षांच्या लेकीचं नाव दिलं. त्याच हिवाळ्यात ती घटसर्पानं गेली."

"अरे देवा! आणि मी तोंडाला येईल ते बोलतोय..."

"बोला हो. घरात तिचं नाव कुणी काढत नाही. रस्त्यावर तरी ऐकू येतं."

"आता कुठं निघालात?"

"कारखान्यात. गेल्या वर्षी विकला आम्ही. नवे मालक म्हणे गाडीचं नाव बदलणार आहेत. तेवढं करू नका, म्हणून सांगते."

टॅक्सीवाल्यानं टोपी काढली.

"हेलपाटा नका घालू, बाई. नव्या गाड्या कालच आल्या आमच्या अड्ड्यावर. त्यांच्यावर नावाच्या जागी नुसता आकडा आहे."

ट्राम आली. बाई जागच्या हलल्या नाहीत.

"दादा, नीट जपली, तर तुमची ओडिल अजून किती वर्षं चालेल हो?"