भरलेली गाडी उतरताना

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे सल्लागार साहेब, कारखान्यांकडून आणि बंदराकडून आलेली मंडळी, आमच्या मार्ग विभागातले सहकारी, मागे भिंतीला टेकून उभे राहिलेले ड्रायव्हरदादा आणि त्यांच्या घरची माणसं (पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत हो, या ना) आणि ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो त्या आमच्या बाई,

‘घाबरलीस ना? बरं झालं. न घाबरणाऱ्याच्या हातात मी पेन्सिल देत नाही.’

मी विभागात नवी होते, तेव्हा बाई मला हे म्हणाल्या होत्या. कुठे? तर सिमेंटने भरलेल्या ट्रकच्या केबिनमध्ये, जुन्या घाटाच्या ऐन मध्यावर. ड्रायव्हर गिअर खाली टाकत होता, काहीतरी जळल्यासारखा वास येत होता आणि मी दाराच्या कडीला दोन्ही हातांनी लटकले होते. ‘बाई, हा वास कसला?’ मी विचारलं. ‘ब्रेकचा. ऑफिसात येत नाही तो, म्हणून तुला इथे आणलं,’ त्या म्हणाल्या, आणि पर्समधून शेंगदाण्यांची पुडी काढून माझ्यापुढे धरली. मी कडी सोडत नव्हते आणि बाई शेंगदाणे खात होत्या.

आजही मी हा माइक दोन्ही हातांनी धरलाय. माझा आवाज कापतोय, तो निरोपाच्या दुःखाने कापतोय असं आपण समजलात तर माझी झाकली मूठ राहील. पण ते पूर्ण खरं नाही.

असो. आधी कौतुक, मग बाकीचं. बाई, खाली बघू नका, ऐकावं लागेल.

आमच्या विभागाच्या भिंतीवर एक मोठा नकाशा आहे. त्यावर प्रत्येक रस्त्याला बाईंनी दोन रेघा मारल्यात. एक जाड, एक बारीक. भरलेली गाडी ज्या दिशेने जाते ती जाड. रिकामी परतते ती बारीक. आपला देश आत्ता कुठे उभा राहतोय. आपण वजनदार माल विकतो, सिमेंट, खनिज, धान्य. हा सगळा वरच्या पठारावरून खाली बंदराकडे जातो. उलट वर यायला मात्र गाड्यांना माल मिळत नाही. म्हणून बाई म्हणतात, रस्ता एक दिसला तरी ते दोन रस्ते असतात. कुठलीही बैठक असो, पाहुणे असोत की मंत्री, बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘माल कुठल्या बाजूला चाललाय?’ आमचा शिपाई तर म्हणतो, ‘बाई जेवणाच्या सुट्टीत दारात उभ्या राहिल्या की भीती वाटते, विचारतील, भरून आलास की रिकामा?’

हसा, हसा. बाईसुद्धा हसतायत. मलाही जरा धीर आला.

बाईंनी मला आणखी काय दिलं? माझी मुलगी तान्ही असताना तिला पाजायला त्यांनी मला त्यांच्या केबिनचं दार आतून लावायची परवानगी दिली. बाहेर स्वतः उभ्या राहिल्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, ‘आत महत्त्वाचं काम चाललंय.’ अशा माणसाला निरोप कसा द्यायचा, हे मला कुणी शिकवलेलं नाही. आई माहेरी ठेवून आपणच सासरी निघावं, तसं काहीतरी वाटतंय. की उलट? नीट सांगता येत नाही.

आता नव्या रस्त्याविषयी. अध्यक्ष महोदय, आपण भुवया उंचावलेल्या मला इथून दिसल्या, पण थोडं बोलू द्या.

पठारावरून बंदराकडे उतरणारा नवा रस्ता सोमवारपासून जड वाहनांना खुला होणार आहे. तो मलाही हवा आहे. त्याच्या आखणीत माझीच पेन्सिल आहे. सल्लागार साहेब मघाशी म्हणाले ते अगदी खरं आहे. आपला माल चांगला असूनही बाहेर महाग पडतो, कारण तो बंदरापर्यंत न्यायलाच निम्मा जीव जातो. जहाज कुणासाठी थांबत नाही. जवळचा रस्ता म्हणजे कारखाने चालणं, पोरांना नोकऱ्या मिळणं. कोण नको म्हणेल?

पण त्या रस्त्याची चाचणी कशी झाली, हे सभागृहातल्या सगळ्यांना ठाऊक नाही. तपासल्याशिवाय त्या रस्त्यावर माल द्यायला एकही कारखाना तयार होईना. बरोबरच आहे त्यांचं. मग आम्ही काय केलं? रिकाम्या गाड्या पाठवल्या. रिकाम्या गाड्या सुरेख उतरल्या. आणि आम्ही लिहून टाकलं, रस्ता तपासला!

बाईंनी सही केली नाही. इथे बसलेल्या अध्यक्ष महोदयांच्याच केबिनमध्ये हे बोलणं झालं, तेव्हा मी दाराशी उभी होते.

‘बाई, गाड्या उतरल्या की नाही?’

‘उतरल्या.’

‘मग घोडं कुठे अडलं?’

‘साहेब, मोकळा माणूस जिना धावतही उतरतो. त्याच्या पाठीवर पोतं द्या, मग बघा.’

‘अहो, निवृत्ती तोंडावर आलीय. आता कशाला डोक्याला ताप करून घेता?’

बाई म्हणाल्या, ‘ताप माझ्या डोक्याला नाही, ब्रेकला होणार आहे.’

साहेबही हसले होते. आणि फाइल तिथेच थांबली. ती कशाची वाट बघत थांबली, हे आज कळतंय. विभागप्रमुखाच्या सहीशिवाय जड वाहनांना रस्ता खुला होत नाही, आणि आज संध्याकाळपासून बाई विभागप्रमुख नाहीत. कार्यभार माझ्याकडे आहे. फाइल दुपारीच माझ्या टेबलावर आली. वर पेनही ठेवलं होतं. कुणीतरी आठवणीने टोपण काढून ठेवलं होतं.

मी तो उतार पायी चालून आले आहे. लांबलचक उतार, मध्ये गाडीला दम घ्यायला सपाट जागा नाही, आणि पायथ्याशी बाजार. भाजीवाल्या, सायकली, शाळेतून घरी निघालेली मुलं. तिथे उभी राहून मी वर बघितलं. भरलेल्या गाडीचे ब्रेक तापून धरेनासे झाले, तर ती गाडी थांबेल ती त्या बाजारात.

बाईंना विचारलं, ‘माझं काही चुकतंय का? मी उगाच घाबरतेय का?’ त्या म्हणाल्या, ‘मलाही माहीत नाही गं. कदाचित उतरतीलही सगळ्या नीट. माहीत नाही, हेच तर म्हणतेय मी.’

आता घरचं एक सांगते. माझा धाकटा भाऊ ट्रक चालवतो. तो आज इथे नाही, गाडी भरायला गेलाय. सोमवारी सकाळी नव्या रस्त्याने जी पहिली रांग निघेल, त्यात तो आहे. काल त्याचा फोन आला.

‘ताई, सोमवारी तुझ्या रस्त्याने निघतोय. नाक्यावर तुझं नाव सांगू का? कुणी सलाम तरी ठोकेल.’

मी म्हटलं, ‘तू जुन्या रस्त्याने जा.’

‘का? घरचा रस्ता सोडून?’

‘मी सांगते म्हणून.’

‘हे बघ, आमच्यातला एक जण कुरकुरत होता, उतार जरा जास्त आहे म्हणून. मी म्हटलं, गप ए, माझ्या ताईने आखलाय, नीटच असणार. आता माझं नाक कापू नकोस.’

मी फोन ठेवून दिला. आणि खरं सांगू का, तो जुन्या रस्त्याने गेला तरी काय? त्याच्या मागच्या गाडीतही कुणाचा तरी धाकटाच असतो.

बाई, मी आपल्याइतकी खंबीर नाही. आपल्यावर रागावलेले लोकही आपल्याला घाबरायचे. मला तर कुणी मोठ्याने ‘बाई’ म्हटलं तरी दचकायला होतं. मला मुलगी आहे, ही नोकरी मला हवी आहे, आणि सोमवारी फाइलवर सही नसेल तर ही खुर्ची दुसऱ्या कुणाला मिळेल, हेही मला समजतं.

बोलणं लांबलं. आयोजकांनी दोनदा घड्याळ दाखवलं, त्यांचे आभार आणि त्यांची क्षमा. बाई, इतकी वर्षं आपण आम्हाला सांभाळलंत, आपले आभार मानायला मी फार लहान आहे. निरोपाच्या प्रसंगी नको ते बोलले असेन, मोठ्यांचा मान राखायला चुकले असेन, तर सगळ्यांनी पदरात घ्यावं.

अध्यक्ष महोदय, आता एकच विनंती. रस्ता एक आठवडा पुढे ढकला. एक भरलेली गाडी द्या. मी स्वतः केबिनमध्ये बसेन. ती नीट उतरली, तर खाली पोचल्यावर बोनेटवर फाइल ठेवून सही करेन. आपलं उत्तर मला ठाऊक आहे. परवा केबिनमध्ये ते मिळालंय. पण तिथे आपण दोघेच होतो. आज इथे ड्रायव्हर आहेत, त्यांच्या घरची माणसं आहेत. तेव्हा नाही म्हणायचं असेल, तर कृपा करून इथे या.

हा माइक घ्या, आणि यात म्हणा.