सोप्यातला समुद्र

...आवं, मासा कुठाय म्हणून काय इचारताय? दोन महिनं झालं, त्योच प्रश्न! अख्खं उंब्रज येऊन गेलं, सोप्यात बसलं, चहा पिलं, काचंला नाक लावलं आन म्हणालं, "आकाराम, मासा कुठाय रं?" तुमास्नी सांगतो, आमच्याकडं पाणी हाय, मासा न्हाई!

तर झालं काय, आमचा जयराज, एकुलता एक, ऱ्हायाला बेंगळुरूला. त्याची आई, बनुबाई, जाऊन दोन वर्सं झाली. त्याला वाटलं, आबाला एकट्याला करमत न्हाई, घरात कायतरी जित्तं पायजे. म्हणून त्यानं धाडली काय, तर काचंची टाकी! ती बी खाऱ्या पाण्याची, समुद्रातल्या माशांची! आवं, गावाला लागून किस्नामाई वाहती, आन मी सोप्यात बसून बादलीत मीठ कालवतोय! पंप घुरघुरतोय, दिवा लागलाय, तळाला दगडं हायत. जित्तं काय? काय बी न्हाई!

कऱ्हाडचा दुकानदार म्हणतो, "काका, लगेच मासा सोडायचा नाही हां, मरेल. माशाच्या घाणीचा अमोनिया होतो, तो खाणारे जंतू आधी पाण्यात तयार व्हायला पाहिजेत." म्हटलं, म्हंजे दुधाला लावतो तसं इरजान लावायचं की! "हां, तसंच. महिनाभर." मग त्यानं अमोनियाची बाटली दिली, जंतूंचा खुराक म्हणून, रोज चार थेंब. आन रोज नळीत पाणी घेऊन औषध टाकून बघायचं. हिरवं झालं तर थांबा, पिवळं झालं तर मासा आणा. मिल्ट्रीत वीस वर्सं पहारा दिला, पर दगडांवर पयल्यांदाच!

पर गंमत ऐका. आधी पोराचा फोन फकस्त रविवारी. "आबा, जेवलात? गोळी घेतली? ठेवू?" झालं, संपला आठवडा! टाकी आली, आन माझी नात शिवांजली, सात वर्सांची, रोज संध्याकाळी सातला फोनवर हजर. "आजोबा, आज रंग कुठला?" मी नळी दाखवायची, तिनं "हिरवाच!" म्हणून वरडायचं. मग पडलेला दात दाखवती, शाळेतली भांडणं सांगती, आज्जी भाकरी कशी थापायची त्ये इचारती... अर्धा अर्धा तास! सहापासनं मी दाढी करून खुर्चीत बसतोय. व्हय, दाढी! फोनसाठी!

त्यात शेजारचा हरिबा आला. "आकाराम, अमोनिया म्हंजे युरियाच की रं! थेंबानं काय व्हतंय गड्या? उसाला देतोस तसा डोस दे!" आता ऊस लावणाऱ्या माणसाला ह्ये पटणार न्हाई तर काय? मारला मूठभर युरिया! चार दिसांत नळी अशी हिरवीगार झाली म्हणता... दुकानदारानं कपाळावर हात मारून घेतला. "काका, टाकी आहे ही, आडसाली ऊस नव्हे! सगळं पाणी काढा, पहिल्यापासून सुरू करा!" पुन्हा बादली, पुन्हा मीठ, पुन्हा इरजान, आन पुन्हा पाणी हाय, मासा न्हाई! हरिबानं पारावर सांगून टाकलं, "आकारामानं दगडं लावल्यात, अठरा महिन्यांनी तोड हाय." चूक त्याची, हसणार बी त्योच! लाज वाटली मला... पर खरं सांगू? बरं बी वाटलं. आनखी महिनाभर फोन येणार!

आता ह्ये कुणाला बोलू नका. आठ दिस झालं, नळी पिवळीधमक येतीया. दुकानदार रोज बोलावतोय, "काका, या, मासा तयार आहे." गेलो न्हाई. का म्हणून काय इचारताय? मासा आला की पोर दोन दिस बघंल, तिसऱ्या दिशी तिला दुसरं कायतरी घावंल. तिचं तरी काय चुकलं? लेकरूच त्ये! आन मग मला हायच की रविवार... जेवलात, गोळी घेतली, ठेवू. लय एकटं वाटतंय हो. पंप घुरघुरला तरी कुणीतरी घरात हाय असं वाटतंय.

म्हणून पालक उकडला, त्याचं पाणी नळीत भरलं. हसा, हसा! काल सातला फोन आला. "आजोबा, अजून हिरवाच?" हिरवाच गं बाय. "मग उद्या परत करते हां!" कर बाय, कर...

तवा कुणी बेंगळुरूचं भेटलं आन इचारलंच, तर एवढंच सांगा... आकारामाकडं पाणी हाय, मासा न्हाई!