दत्ताच्या सुट्टीची गोष्ट

आमचा औशाकडचा दोस्त दत्ता फौजेत होता, त्याची ही गोष्ट तुम्हाला सांगायलाच पाहिजे. लातूर जिल्हा नवाच झालेला. गावात दुष्काळ, विहिरी आटलेल्या, त्यात दत्ताच्या बहिणीचं लग्न. तिकडं सीमेवर त्याची सुट्टी मंजूर व्हायची आणि रद्द व्हायची. एकदा तर बिचाऱ्याला गाडीत बसल्यावर खाली उतरवलं.

शेवटी सुट्टी मिळाली, तर सुभेदारसाहेबांनी अडवलं. साहेब साताऱ्याकडचे.

"मागं तू उस्मानाबाद जिल्हा सांगितला होतास, आता लातूर म्हणतोस. गाव हललं का तुझं?"

"न्हाई साहेब, गाव हाय तिथंच हाय. तुम्ही आमची सुट्टी हलवता, तसा सरकारनं जिल्हा हलवला."

साहेब पोट धरून हसले आणि म्हणाले, "पळ, नाहीतर पुन्हा हुकूम यायचा."

दत्ता लग्नाच्या दिवशी सकाळी पोचला. मांडवात पाण्याचा थेंब नव्हता. गड्यानं वर्दीसुद्धा काढली नाही. बैलगाडी जुंपली आणि शेजारच्या गावातून पिंपं भरून आणत राहिला. सगळं वऱ्हाड जेवलं, तरी ह्याचं चालूच.

नवरी झालेली बहीण कळवळून म्हणाली, "दादा, आता तरी बस की रे!"

घाम पुसत दत्ता म्हणाला, "बसतो की. आधी बैलांना पाणी पाजून येतो. त्यांची सुट्टी तर कुणी मंजूरच केली न्हाई."