बाळूनं उघडलेला दरवाजा

बाळूला आम्ही दारापाशी का बसू देत नाही, ते विचारलंत ना? मग ऐका, तोही इथंच आहे.

बेळगावात, खासबागेत, दिवाळीला आम्ही पोरं मातीचा किल्ला करायचो. बाकीच्या गल्ल्यांतले किल्ले इतिहासातले, आमचा मात्र मनानं रचलेला. प्रत्येक मावळ्याला आमच्यातल्या एकेकाचं नाव. संध्याकाळी आम्ही लढाई खेळायची आणि किल्ला बघायला येणाऱ्यांना गडाची गोष्ट शेजारच्या सुमनआक्कानं सांगायची, असा रिवाज.

बाळूचा मावळा दरवर्षी दारावर. एका दिवाळीत त्यानं सरळ दरवाजा उघडला आणि शत्रूला आत घेतलं. गड पडला.

"हे काय केलंस रं?" आक्का ओरडली.

"नुसतं उभं राहून कट्टाळा आलता," बाळू म्हणाला.

"खेळात पडला असंल. माझ्या गोष्टीत गड पडलेला न्हाय."

बाळू हटून बसला. "मग आम्ही खेळायचं कशाला? मी उघडलाय, गोष्टीत आलंच पायजे!"

आम्हीही त्याचीच बाजू घेतली. आक्कानं जरा विचार केला. "व्हय, बरोबर हाय तुमचं. घेते."

आणि घेतलं की! दिवाळी संपेपर्यंत तिनं अख्ख्या खासबागेला सांगितलं, गड फितुरीनं पडला, दरवाजा बाळूनं उघडला.

पुढं कितीतरी वर्षांनी बाळूच्या बहिणीचं लग्न निघालं. हा नवा सफारी घालून मांडवाच्या दारात पाहुण्यांचं स्वागत करत उभा. आक्का आली, त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आत तोंड करून ओरडली, "अरं, ह्याला दारावर कुणी ठेवलं?"