हात बाजूला असलेला फोटो

दातांच्या दवाखान्यात चित्रकलेच्या बाई सुजलेला गाल धरून बसल्या होत्या, पण कान शेजारच्या बहीणभावाकडे लागले होते.

“दादा, आईच्या साठाव्या वाढदिवसाच्या आमंत्रणावर हा फोटो कुणी टाकला?”

“माझ्या एआयने. त्याला नवीन सोय जोडलीय. घरातले सगळे फोटो बारीक होऊन एका दमात त्याच्यापुढे येतात. म्हटलं, आईचा सगळ्यात हसरा निवड.”

“तू मोठा करून पाहिलास?”

“छापून आल्यावर.”

“अरे, पुढचा दात नाहीये यात!”

“नखाएवढ्या फोटोत दात कुठला दिसणार? त्याला हसू तेवढं दिसलं.”

“दात पडल्यापासून तोंडावर हात धरून हसते ती!”

“म्हणून तर. हात बाजूला असलेला हा एकच सापडला.”

“आता तूच सांग तिला.”

“तू सांग, तू लाडकी.”

तेवढ्यात दार उघडलं. नवा दात बसवून आलेल्या आईने मुलाच्या हातातलं आमंत्रण ओढून घेतलं. बाई गाल विसरून पुढे झुकल्या.

“अगंबाई! मी इतकी छान हसते?”

“हो, आई.”

“मग आत जाऊन विचार, दात परत घेतात का.”